लांडग्याची नखं

सोमवार, ९ डिसेंबर

अंकिता क्लासला गेली. पावणेसहाला. अंधारच होता. तिच्या मोबाईलची बॅटरी उसातून नाक्याकडं हलत हलत गेली, मग दिसेना. सव्वासहाला फोन — "बसले गं एसटीत." तोवर मी चुलीपुढं नुसती बसून. चहा उतू गेला.

अर्धा किलोमीटर वाट. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर. कॅनॉलचं पाणी यायच्या आधी इथं कुसळं होती. मेंढरं सोडली की पार टेकडीपर्यंत दिसायची. आता हातभर लांबचं दिसत नाही.

काल दूध न्यायला आलेला नानासो म्हणाला, "वैनी, खालच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं बिबट्यानं. साखळी तेवढी ऱ्हायली."

लेकीला सांगितलं तर म्हणते, "बावीस तारखेला भरतीचा पेपर हाय. तवर मी कुणाचं न्हाई ऐकायची."

हे गेले तेही सकाळीच. मेंढरं घेऊन हायवे ओलांडत होते. पाच वर्षं झाली. सकाळी कुणी उंबरा ओलांडला की ते परत येईतो मी सारखी वाटेकडं बघते.

मंगळवार, १०

संध्याकाळी अभ्यास, इंग्रजी म्हणींचा. मी मराठी बाजू वाचायची, तिनं इंग्रजी सांगायचं. मी शाळेत गेले नाही. अंकिताच्या पहिलीच्या पुस्तकावर तिच्याबरोबरच लिहाय-वाचायला शिकले. इंग्रजी येत नाही. पण ह्या पानावर सगळी जनावरंच आहेत, म्हणून जमतं.

मुसळधार पावसाला ते म्हणतात, कुत्री-मांजरं पडतात. का? तिनं मोबाईलवर बघितलं. नक्की कुणालाच माहीत नाही. एक जण सांगतो, जुन्या काळी तिकडं शहरात गटारं तुंबायची, मेलेली कुत्री-मांजरं रस्त्यावर वाहत यायची. मला नाही पटलं. वाहून आलेलं खालून येतं, वरून नाही.

खात्रीची बातमी म्हणजे थेट घोड्याच्या तोंडून. विकणारा खोटं वय सांगेल, घोड्याचे दात सांगणार नाहीत. ही पटली. आमचे मामंजी बाजारात बकऱ्याचं तोंड उघडल्याशिवाय त्याच्या मालकाशी बोलत नव्हते.

घटकाभर भीती विसरले.

गुरुवार, १२

काळी मेंढी म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा. काळ्या लोकरीला दुसरा रंग चढत नाही, म्हणून तिला किंमत कमी. मी म्हटलं, "तिकडच्या लोकांना कळत न्हाई." आमच्यात काळ्या घोंगड्याला मान. देवापुढं तेच अंथरायचं. ह्यांचंही काळंच होतं. पेटीत आहे. काढत नाही.

मग बळीचा बकरा. त्यांचा बकरा मारत नव्हते म्हणे. सगळ्या गावाची पापं त्याच्या डोक्यावर घालायची आणि रानात हाकलून द्यायचं. अंकिता म्हणाली, "म्हंजे सुटला की." सुटला? कळपातून तुटलेलं एकटं जनावर रानात किती दिवस टिकतं, हे मेंढक्याच्या बाईला कुणी शिकवायला नको.

शनिवार, १४

खोलीतला हत्ती. सगळ्यांना दिसतो, कुणी बोलत नाही.

मी बोलले. "पास झालीस तर नोकरी कुठं?"

"सरकार धाडंल तिकडं. गडचिरोलीला बी." हसली.

देवापुढं दिवा लावताना मनात आलं — नापास होऊ दे. लगेच कान पकडले. पण आलं ते आलंच.

रविवार, १५

क्लास नाही. आज नीट जेवले.

सोमवार, १६

आज मी एक केलं. इथं लिहिते, दुसरीकडं सांगायची सोय नाही.

दुपारी नाक्याच्या वाटेवरच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले. पाटाकडेला चिखल होता. मूठ दाबली. पुढं चार बोटांची पेरं दाबली. काडेपेटीच्या काडीनं नखं काढली. लहानपणी बाबांनी असे ठसे कितीदा दाखवलेले. एक काढला, मग जरा पुढं दुसरा. हात धुतले. नानासोला हाक मारली.

मंगळवार, १७

अंकिता घरी. मला हवं होतं ते झालं.

पण गाव बंद. नानासो चारचौघांना घेऊन काठ्या आपटत बांधानं फिरला. शेजारच्या दगडाबाईनं नातवंडांना शाळेत पाठवलं नाही, शेळ्या स्वयंपाकघरात बांधल्या. "हरणाबाई, तुझ्यामुळं जीव वाचला बग आमचा," म्हणाली आणि माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

संध्याकाळी पानावर काय यावं! उगाच लांडगा आला म्हणून ओरडणे. ही आपल्याकडंही आहे. मोबाईलवर बघायची गरज पडली नाही. अंकितानं इंग्रजी सांगितलं. माझ्याकडं बघत सांगितलं, असं मला वाटलं.

बुधवार, १८

वनरक्षक पूजाताई आल्या. एवढीशी पोरगी, खाकी पँट. टेप लावून ठसा मोजला. मग बसूनच राहिल्या.

"काकू, बिबट्याची नखं आत असतात. चालताना उमटत नाहीत. ही कुत्र्याची, नाहीतर लांडग्याची."

नानासो म्हणाला, "लांडगं हितं हायतच कुठं आता?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. झाडाला कॅमेरा बांधला आणि गेल्या.

घरात आल्यावर अंकितानं माझा हात उलटा करून बघितला. नखात चिखल होता अजून.

"आई, तू लांडगा काढलास."

मी रडले नाही. म्हटलं, "तू जाऊ नयेस म्हणून." कुठं जाऊ नयेस, ते दोघींनाही कळलं.

तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "खरा मी बघितलाय. दोनदा. टाकीच्या कठड्यावर बसलेला. डोळं चमाकत्यात. मी मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावते, अन् चालते. पळत न्हाई."

"मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर धाडलं असतंस?"

शुक्रवार, २०

कॅमेऱ्यात आला. मादी आहे. मागं एक पिल्लू.

क्लास संपला, म्हणून अंकिता घरीच वाचते आहे. पूजाताई म्हणाल्या, उजाडायच्या आत वाटेनं जाऊ नका. रविवारी पेपर सांगलीला. साडेआठला आत घेणार. बस पहाटेचीच.

शनिवार, २१

नानासो गाडीवर सोडतो म्हणाला आहे. शेवटचं पान घेतलं. तिची एकही म्हण चुकली नाही.

रविवार, २२

नाक्यावरच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. पिशवीत वही होती.

नानासोनं दार उघडलं नाही. आतून म्हणाला, "वैनी, उजडू द्या." मग घरी येऊन पेटीतलं काळं घोंगडं काढलं, ह्यांची काठी घेतली. दोघी निघालो. गाणं लावलं. टाकीपाशी अंकितानं माझा दंड धरला आणि म्हणाली, "पळायचं न्हाई." पळाले नाही.

बस आली. ती खिडकीशी बसली. मी म्हटलं, "नीट लिव्ह."

आता त्याच वाटेनं मला एकटीला घरी जायचं आहे.