यादीतला पंधरावा

५ मार्च ९०, सोमवार
ऑफिसातून टाइपरायटर जाणार, कॉम्प्युटर येणार. म्हणून हिंदमाताजवळच्या क्लासला नाव घातलं. बावीस वर्षं टाइपिंग केलं, आणि आज चार ओळींना पाऊण तास. काळा पडदा, हिरवी अक्षरं. एडलिन म्हणून लिहायचा प्रकार आहे. अख्खं पान हाताशी म्हणून नाही. ओळीचा नंबर सांगायचा, मग ती एक ओळ मिळणार. रेशनवर उभं राहिल्यासारखं. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाले, "मॅडम, मशीनला मूड नसतो." मला आहे ना.

८ मार्च, गुरुवार
दीड तासाचं काम, शेवटी सेव्ह करायच्या ई ऐवजी क्यू दाबलं. त्याने विचारलं, रद्द करू? घाईत वाय दाबून मोकळी झाले. सगळं गेलं. कागदावर निदान खाडाखोड तरी उरते.

१३ मार्च, मंगळवार
चाळ कमिटीचे सेक्रेटरी परब आले होते. राज्याला तीस वर्षं होतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या चाळीतून जे तुरुंगात गेले त्यांचा १ मेला सत्कार. यादी सरकारी कचेरीत द्यायची. "कॉम्प्युटरवर कर गं कुंदा, साहेबावर छाप पडते." क्लासच्या मशीनला मराठी येत नाही म्हटलं, तर म्हणे, मग इंग्रजीत कर. मराठी राज्यासाठी लाठ्या खाल्लेल्यांची नावं इंग्रजीत! डोकंच फिरलं. तरी हो म्हटलं, कारण त्यात माझ्या बापाचं, आप्पांचं नाव आहे. आप्पा सकाळपासून तीनदा विचारून गेले, मी कितवा? पंधरावे. त्यांच्याखाली सोळावे, शेजारचे शांतारामकाका.

२१ मार्च, बुधवार
एकतीस नावं झाली. छापून, बाजूला पेनाने नंबर घालून परबांना दिली होती. आज दोन नावांवर लाल काट मारून परत आली. सात आणि पंधरा. तुरुंगाचा कागद नाही त्याचं नाव नाही. पंधरा म्हणजे आप्पा.
परबांशी भांडले. "आप्पांची पाठ फुटलेली सगळ्या चाळीने बघितलीय."
"अगं, मी पण बघितलीय. पण कचेरीला कागद लागतो."
घरी काही बोलले नाही. मोरीत जाऊन रडले, दुःखाने कमी, रागाने जास्त.

२२ मार्च, गुरुवार
क्लास सुटायला दहा मिनिटं. आधी सातवी ओळ काढली, मग पंधरावी. आप्पांचं नाव जाताना बघवेना, म्हणून न तपासताच सेव्ह केलं आणि छापलं. परबांनी बोट ठेवून नावं मोजली. एकोणतीस. बरोबर. सही करून घेऊन गेले.

९ एप्रिल, सोमवार
यादी मंजूर. परबांनी प्रत दारातून आत टाकली. आप्पा मिलमध्ये इंग्रजी सही करायला शिकले होते, तेवढंच त्यांना वाचता येतं. तेवढंच सापडलं. "कुंदा, ह्यां बघ माझां नाव."
हातातून कागद घेतला. आप्पा आहेत. शांतारामकाका नाहीत.

१० एप्रिल, मंगळवार
सरांना विचारलं. हसले. "सातवी काढली की आठवी सातवी होते, मॅडम. खालच्या सगळ्या एकेक वर सरकतात. नेहमी खालून काढायच्या." हे आधी सांगायला काय झालं होतं? टाइपरायटरवर पंधरावी ओळ पंधरावीच राहते. इथे आप्पा वर सरकले, त्यांच्या जागी काका आले आणि मी त्यांनाच काढलं.
पण हे चाळीत कोण ऐकून घेईल? बापाचं राहिलं, शेजाऱ्याचं गेलं, आणि टाइप करणारी मुलगी.
परबांना आडून विचारलं. दुरुस्ती १८ तारखेपर्यंत. एकोणतीसच्या वर एकही नाव नाही. एक घालायचं तर एक काढायचं.

१६ एप्रिल, सोमवार
समोरच्या चाळींवर जयंतीची तोरणं अजून आहेत. आप्पा यादी घेऊन मजलाभर फिरतात. काल काकांना दाखवली. काकांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. म्हणाले, "माझां खाली आसतलां." आणि कागद नीट घडी करून परत दिला. मी आतून ऐकत होते. सहा दिवस मी गप्प आहे. स्वतःची किळस येते.

१७ एप्रिल, मंगळवार
आप्पांना सांगून टाकलं. त्यांनी यादी घडी करून ठेवली. मग जे बोलले ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. छप्पन साली लाठी बसून आप्पा रस्त्यात पडले. काका निसटले होते, पण आप्पांना उचलायला मागे फिरले. आप्पा गल्लीतून पळाले, काका सापडले. दोन महिने आत होते.
"तेका मीच सांगतंय," म्हणाले आणि शेजारी गेले. अर्ध्या तासाने परत आले. "सांगितलंय. तो म्हणालो, आसांदे. तुझां काढू नको."
इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

१८ एप्रिल, बुधवार
सकाळी पॅसेजमध्ये काका भेटले. दाढी केलेली, खुशीत. "कुंदे, सत्काराक पांढरो सदरो चलात मां गो? काय कोट व्हयो?"
चालेल म्हटलं. काकांना काहीच ठाऊक नव्हतं.
घरात आले. आप्पा पेपर उघडून बसले होते. दार उघडंच होतं, त्यांनीही ऐकलं असणार. पेपर खाली आला नाही. दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस. मी यादीची फ्लॉपी पर्समध्ये टाकली, चप्पल घातली.
पेपरामागूनच विचारलं, "क्लासाक चललंस?"
हो म्हटलं. त्यांनी पान उलटलं.