कानाने मोजलेले व्होल्ट

३ मार्च १९२७
आजपासून रोजनिशी. उद्या आमच्या एस्लिंगेन शहरभर माझ्या गॅरेजचं नाव होईल तेव्हा सगळं आठवायला हवं.
गुरांचे डॉक्टर क्नाप गाडी ठेवून गेले. बॅटरी दर दोन दिवसांनी मान टाकते. दोष रेग्युलेटरचा, म्हणजे डायनॅमोची वीज आवरणाऱ्या डबीचा, मी लगेच ओळखलं. फ्रीडा म्हणाली, व्होल्टमीटर लावून बघा. बायकोला काय कळतं! बारा वर्षं डायनॅमो ऐकतोय. चौदा व्होल्ट झाले की रेग्युलेटर गुणगुणतो. स्प्रिंग आवळली. गुणगुण आली. काम फत्ते.

५ मार्च
हेडलाइटचे दोन्ही बल्ब उडाले. बॅटरीतलं ॲसिड उकळून डॉक्टरांच्या पँटला भोकं पडली. म्हणाले, "हेबर्ले, मी गाडी दिली होती, किटली नव्हे!"
त्यांचे रस्ते खराब, त्याला मी काय करू? तरी नवे बल्ब घातले, स्प्रिंग किंचित सैल केली. किंचित म्हणजे दोन फेरे. गुणगुण अगदी गोड.
निश्चय: यापुढे कोणाचं मनावर घ्यायचं नाही.

८ मार्च
काल संध्याकाळी डेंकेनडॉर्फच्या चढावर दिवे मंदावले, मग इंजिनही थांबलं. बॅटरी रिकामी. एक घोडी अडली होती. डॉक्टर चार किलोमीटर चालत गेले. घोडी वाचली. शिंगरू गेलं.
आज गाडी ओढून आणली. डॉक्टर किल्ली माझ्यासमोर ठेवून निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ मार्च, सकाळी दहा
फ्रीडा बाजारात. दार लावून व्होल्टमीटर जोडला. इंजिन चालू. काटा बारावर. गुणगुण चौदाची.
स्प्रिंग आवळली. काटा सतरावर. गुणगुण तीच.
मीटर बिघडला असणार.

साडेदहा
इंजिन बंद केलं. गुणगुण चालूच आहे.

अकरा
अजून चालू आहे.

१० मार्च
फ्रीडाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या कानांचं दोन वर्षं असंच आहे. दाराची घंटा तुम्हाला कुठे ऐकू येते?"
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले होते."
दिवसभर बाकावर बसून होतो. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

१४ मार्च
अकरा तारखेला कामाला लागलो: मी स्क्रू फिरवतो, फ्रीडा काटा बघते. अंगठा वर म्हणजे आवळ, खाली म्हणजे सैल. मूठ म्हणजे थांब. दोनदा मूठ दिसूनही फिरवत राहिलो. तिने हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. बाकीचं तिनेच जमवलं. काटा चौदावर आला आणि हलला नाही. तेव्हापासून तीन दिवस बॅटरी ठणठणीत.

१५ मार्च
क्नाप आले. फ्रीडाला म्हणाले, "बाई, आता घोड्यापर्यंत पोचेन ना?" ती म्हणाली, "पोचाल. पण दर महिन्याला गाडी मला दाखवून न्या." 'मला' म्हणाली, 'आम्हाला' नव्हे.
तपासणीच्या कागदावर सही हवी होती. मी पेन काढलं. डॉक्टरांनी कागद तिच्याकडे सरकवला.
मी मोठ्याने म्हटलं, बरोबरच आहे, सही तिचीच हवी, मी देखरेखीला असतो.
त्यावर दोघांपैकी कोणी काही बोललं असेल, तर मला ऐकू आलं नाही.