शेवटच्या सीटवरची समता

३ फेब्रुवारी, सोमवार
स्टोअरचा असिस्टंट मॅनेजर झालो. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या दोन रांगा साहेबांच्या, मधल्या ऑफिसच्या, शेवटची लांबलचक सीट कामगारांची. असा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी कोणी चुकत नाही. कॉलेजात समाजशास्त्रात शिकलो होतो: कुठे जमिनीवरून वर्ग पडतात, कुठे जन्मावरून, कुठे नुसत्या बोलण्याच्या ढबीवरून. आमच्याकडे सीटवरून. संकल्प: मी मागेच बसणार, फिटर लांब्याशेजारी, इतकी वर्षं बसलो तसा. हे दाखवण्यासाठी तर नाही ना, असं स्वतःला विचारलं. नाही.

४ फेब्रुवारी
मागे बसलो. सगळे सरकले. इतके, की टोकाचा वेल्डर जवळजवळ खिडकीबाहेर गेला. आपुलकी, दुसरं काय.

६ फेब्रुवारी
लांब्या रोज साहेबांच्या नकला करतो. या आठवड्यात एकही नाही. विचारलं तर म्हणाला, घसा बसलाय. उतरल्यावर मात्र वेल्डरला अशी हाक मारली की रस्त्यावरचं कुत्रं पळालं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या.

११ फेब्रुवारी
मागे चिडीचूप. वातावरण मोकळं करायला मीच मोठ्या साहेबांची नक्कल केली. कोणी हसलं नाही. वेल्डर म्हणाला, मोठे साहेब म्हणजे देवमाणूस. हाच गेल्या महिन्यापर्यंत त्यांना काय म्हणायचा, ते इथे लिहिता येणार नाही.
बायको म्हणाली, अहो, त्यांना जरा सुखानं बसू द्या, पगार तुमचा वाढलाय, त्यांचा नाही. तिला वर्गाचा प्रश्न कळत नाही. मला तरी कळतो का? विचार केला. कळतो.

१३ फेब्रुवारी
पुढचे साहेबही माझ्याशी बोलेनात. त्यांना वाटतं, मी मागच्यांचा माणूस. मागच्यांना वाटतं... छे, मागचे तसे नाहीत. लांब्या तर नाहीच नाही.

१८ फेब्रुवारी
एचआरच्या मॅडमनी बोलावलं. मागच्यांची विनंती आहे म्हणाल्या: साहेबांना मागे फार धक्के बसतात, बघवत नाही, त्यांना पुढे घ्या. कोण आलं होतं विचारलं. लांब्या. सगळ्यांच्या वतीनं, एकटा. ज्याच्या डब्यातली भाजी हक्कानं खाल्ली, त्यानंच केसानं गळा कापला. जाब विचारायला गेलो. बूट न्याहाळत म्हणाला, तुमच्या तब्येतीसाठीच, साहेब. लांब्या मला साहेब म्हणाला.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
पुढे बसलो. तात्पुरता. माझ्याविना मागे सुनंसुनं होईल, याचंच वाईट वाटत होतं. पहिल्याच वळणावर हशा. मग कोणीतरी खाकरलं, मी सही करण्याआधी खाकरतो अगदी तसं. पुन्हा हशा. मी वळून पाहिलं. सगळे गाढ झोपलेले. लांब्या तर घोरत होता.
साहेब वळले की असं झोपायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं.