शेवटचा माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत

सोमवार
रुजू झाले एकदाची! ताईच्या वशिल्यानं लागली असं कुणी म्हणू नये म्हणून दिवसभर तिला ओळखही दाखवली नाही. ती ऑर्डरींच्या विभागात, मी काचेच्या गार खोलीत. इथे कंपनीचा वेबसर्व्हर चालतो. सगळ्या शाखांचं काम त्याच्यातूनच होतं. माझे वरिष्ठ अण्णा. बोलणं मोजून, डबा मात्र ऐसपैस. दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद करायची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी नव्या माणसांना आत घेणं थांबवायचं. मग आत काम करणाऱ्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं, झालं का? शेवटचा माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. मधेच तोडलं तर माणूस अर्धवट राहतो म्हणे! मी कसंबसं हसू दाबलं.

बुधवार
अण्णा जेवायला गेले आणि साहेब आले, घोड्यावर बसूनच; दुरुस्तीसाठी सर्व्हर आत्ताच बंद हवा. मी म्हटलं, फोन कशाला? एका कमांडमध्ये सर्व्हर पाडून दाखवला. साहेब इतके खूश, की त्यांनी ती कमांड पाठच करून घेतली. आत एकच कुणीतरी होतं. अण्णांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत कोण होतं, एवढंच विचारत राहिले.

बुधवार, संध्याकाळ
ताई होती.
खुर्चीत ताठ बसलेली. बोट बटणावर टेकायच्या बेतात. डोळे उघडे. श्वास आत घेतलेला, सोडलेला नाही. नाडी चालू आहे. डॉक्टरांना काही कळत नाही. भावजी तिचा हात खाली करू बघतात, तो पुन्हा वर जातो. मी काय करून बसले हे!

गुरुवार
अण्णांची बायकोही इथेच कामाला होती. रोज सकाळी ते तिची वेणी घालतात, उचललेला हात चुकवून. तिचं राहिलेलं काम जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेलं. ताईचं अजून आहे. तिच्या खुर्चीत बसून, तिच्या नावानं आत जाऊन ते पुरं केलं तर ती सुटेल, असं अण्णा म्हणतात. मी साहेबांना सांगायला गेले, तर त्यांनी हसण्यावारी नेलं.

शुक्रवार
ताईच्या खुर्चीत. अर्धी ऑर्डर सापडली. एकेक ओळ भरतेय. पान फार हळू उघडतं— तेवढ्यात लिहितेय, नाहीतर हात स्वस्थ राहत नाहीत—
भावजींचा फोन. ताईनं श्वास सोडला! ‘धाकटे’ म्हणाली—
फक्त ‘पाठवा’चं बटण यायचंय—
काचेपलीकडे अण्णा दिसत नाहीत. साहेबांनी त्यांना बाहेर पिटाळलंय. स्वतःच सर्व्हरपाशी बसलेत. मला हात करताहेत, हसताहेत. जणू ‘बघ, मलाही येतं’—
नको साहेब— मी आत आहे—
फोन वाजतोय. अण्णाच, झालं का विचारायला—
बटण आलं. आता नुसतं बोट टेकव