ग्राहकाच्या सोयीसाठी

६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारलेले नसताना मी पत्र लिहावे, आणि तेही सल्ला देण्यासाठी, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण काल जेवताना आई म्हणाली की तुझ्या इमारतीत सर्वांचे वीज मीटर बदलून स्मार्ट मीटर बसवले, फक्त तू दाराला कडी घालून बसली आहेस आणि मीटरवाल्याला दोनदा वाटेला लावले आहेस. मी या विषयावर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात लेख लिहिला असल्यामुळे तुझी समजूत घालण्याचे काम माझे, असे तिने ठरवले. समोरासमोर मला चार वाक्ये धड बोलता येत नाहीत, हे तू जाणतेसच. कागदावर जरा धीर येतो.

मीटर घरात येऊन बसलेला हेर आहे, हे तुझे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे तो गेल्या वर्षी बसला. रीडिंग घेणारा आला नाही म्हणून अंदाजे बिल लावले, हा प्रकार संपला. आमचा गीझर बंद केल्यावरही आतून वीज ओढत होता, ते अ‍ॅपमधल्या आलेखावरूनच लक्षात आले. प्रत्येक अर्ध्या तासाचा वापर त्यात दिसतो आणि थोडी सवय झाली की कोणती चढण कोणत्या उपकरणाची तेही ओळखू येते. बाबा अंघोळीला गेले हे मला वाचनालयात बसून कळते. त्यावर बाबांनी यापुढे आपण गार पाण्यानेच अंघोळ करू, अशी धमकी दिली आहे.

उणिवाही आहेत. जुना मीटर हळू फिरत असेल, तर पहिले बिल पाहून माणूस दचकतो. आणि ज्याला अ‍ॅप पाहता येत नाही, त्याला नव्या मीटरचा अर्धाच उपयोग. तरीही सर्व बाजूंनी विचार करता ग्राहकाच्या पदरी हिताचेच अधिक पडते, असे माझे मत आहे. तुझी इस्त्री आणि शिलाई मशीन दिवसभर चालतात, तेव्हा तुला तर ते पटायला हवे.

रागावली नसशील तर दोन ओळी लिही. लोभ आहे, तो उसवू देऊ नये.

तुझी,
वाळवी

---

१६ ऑक्टोबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

कपाटामागे पुस्तक घेऊन बसणाऱ्या पोरीला मी हे नाव ठेवलं, तेव्हा ती पुढे मलाच पोखरेल असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मीटरवाल्याला आत घेतलं. तुझ्या आईला सांग, माझी बहीण म्हणून तिनं जन्मभर जे जमवलं नाही, ते तिच्या लेकीनं एका पाकिटात केलं.

लाइनमन भला होता. कागद बघून म्हणाला, साहेबांची सही लागेल, साहेब कुठे आहेत. मी म्हटलं, बाहेरगावी. मग माझीच सही घेऊन गेला. जोडणी अजून आपल्या गृहस्थांच्याच नावावर आहे ना. कोर्टानं मला घरात राहायची मुभा दिली आणि त्यांना फाटकाच्या आत यायची, फोन करायची बंदी घातली. पण वीज कुणाच्या नावावर, पाणी कुणाच्या नावावर, ते कुणी विचारलं नाही. दारावरची पाटी तेवढी मी उचकटली. आता गृह माझ्याकडे आहे आणि स्थ कुठे असेल तिथे असो.

मेसेज येईल म्हणाला होता, तो काही आला नाही. माझा फोन बटणांचा, त्याला कुठलं अ‍ॅप नि फिप. तसाही तो फक्त गिऱ्हाइकांसाठी. फोनवर मनातलं बोलायची सवय गृहस्थांनी माझी कधीच मोडली, ते तुला माहीत आहे. कागदावर कुणी कान लावत नाही.

मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकतो. इस्त्री लावली की भराभर, काढली की सावकाश. मी त्याला गमतीनं विचारते, काय रे, दमलास का.

बाबांना म्हणावं, अंघोळ करा बिनघोर. माया आहेच, तिला टाके घालायची गरज नाही.

तुझी मावशी

---

३० ऑक्टोबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

आईला हे पत्र दाखवू नकोस. ती लगेच गाडीत बसेल.

गेल्या आठवड्यात गृहस्थांच्या बहिणीचा फोन आला. ती वर्षातून एकदा करते, साधी आहे बिचारी. बोलता बोलता म्हणाली, दादा म्हणत होता, वहिनी हल्ली फार लवकर उठते, आणि बुधवारी दिवसभर घरी नसते. हे त्याला कसं माहीत, विचारलं तर गडबडली आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवला.

लवकर उठते हे खरं आहे. एका लग्नघराचे ब्लाउज आलेत, उजाडायच्या आत मशीनवर बसते. बुधवारी शिवलेले कपडे दुकानात पोचवायला जाते, संध्याकाळी परतते, हेही खरं. पण हे कुणी सांगावं? समोर कंपाउंडर राहतात, त्यांची बायको दिवसभर खिडकीत मटार सोलत बसते. माझा संशय तिच्यावर. मी जाड कापडाचे पडदे शिवून लावले. ती जिन्यात भेटली, तर मी तोंड फिरवून वर आले.

आणि काल बुधवार होता. मी संध्याकाळी आले, कुलूप जसंच्या तसं, घर जसंच्या तसं. इस्त्रीच्या टेबलावरची घडी उचलायला गेले आणि हाताला इस्त्री लागली. ती गरम होती.

मी तिचं बटण काढून, पिन काढून, वायर गुंडाळून जाते. शिवणारी बाई हे झोपेतही चुकत नाही. वायर गुंडाळलेलीच होती, पण माझ्या उलट्या बाजूनं. गृहस्थ डावखुरे आहेत.

की मीच गुंडाळली तशी? रात्रभर हाच विचार. तू हुशार आहेस, सांग बाई, माणसाला वेड लागताना कळतं का?

तुझी मावशी

---

३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज मिळाले आणि मी तुला फोन केला. मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. मागच्या दाराचे कुलूप आत्ता बदल, एवढे तू ऐकलेस आणि मुळीच वाद न घालता हो म्हणालीस, त्यावरून तू किती भ्यायली आहेस ते मला कळले. जे तोंडाने सांगता आले नाही, ते आता नीट लिहिते.

तुला वेड लागलेले नाही. कंपाउंडरांच्या पत्नीनेही काही सांगितलेले नाही. पडद्यांचा उपयोग नाही, कारण ते खिडकीतून पाहत नाहीत.

जो मेसेज तुला आला नाही, तो त्यांना गेला. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच क्रमांकावर सगळे जाते. तू दिवा कधी लावतेस, मशीन कधी सुरू करतेस, इस्त्री कधी तापते आणि बुधवारी घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसे निपचित असते, हे सर्व त्यांना बसल्या जागी दिसते. मागच्या जिन्याच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असणार, आणि कधी यावे हे मीटरने सांगितले.

मी वीज कार्यालयात फोन केला. बोलायची वाक्ये आधी कागदावर लिहून घेतली होती. तिथल्या बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या की ग्राहकाची माहिती गोपनीय असते आणि ती ग्राहकाखेरीज कुणालाही दिली जात नाही. त्या घरात माझी मावशी राहते, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, ग्राहक त्या आहेत का. मी नाही म्हटले. मग त्यांनी माझे आभार मानले.

माझा लेख पुन्हा काढून वाचला. ग्राहकाचे हित, ग्राहकाची सोय, ग्राहकाचा हक्क. प्रत्येक परिच्छेदात तो शब्द आहे, आणि ग्राहक म्हणजे घरात राहणारे माणूस असे मी सरळ धरून चालले. तू मात्र पहिल्या दिवशी त्याला हेर म्हणालीस आणि मी तुझी समजूत घातली.

नावबदलासाठी एक तर त्यांची संमती लागते किंवा कोर्टाचा कागद. तुझ्या वकीलबाईंना आजच भेट. आईला मी सर्व सांगितले आहे. तू नको म्हणाली होतीस, पण मला एकटीला हे पेलवेना. तुझा लोभ या पत्रानंतरही उरला असेल, तर तो माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
वाळवी

---

८ नोव्हेंबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

आधी एक. तू माझं वाईट केलंस हे डोक्यातून काढ. दार मी उघडलं, सही मी केली. मला लहान मूल करू नकोस.

मागच्या दाराला नवं कुलूप आणि आतून अडसर, दोन्ही झालं. पोलीस ठाण्यात गेले. हवालदार नीट वागला, पण म्हणाला, बाई, इस्त्री गरम होती याचा पंचनामा कसा करायचा? मी म्हटलं, मी दुकानात असताना इस्त्री चालू होती, हे मीटरमध्ये दिसेल. तो म्हणाला, मग ते काढून आणा. आता बघ गंमत. ते घरात आले होते याचा पुरावा त्यांच्याच खिशात आहे, आणि तो मागायचा हक्क त्यांनाच. वकीलबाई कोर्टातून मागवणार आहेत. वेळ लागेल म्हणाल्या.

कंपाउंडरीणबाईंची माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, त्या बुधवारी मागच्या जिन्यावर पावलं वाजली होती, पण तुम्ही बोलेनाशा झालात, मग मी तरी कशाला सांगू. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आता त्या रोज दाराशी स्टूल टाकून बसतात.

मी हे घर सोडते आहे. दुकानाच्या बाईंची एक खोली आहे, ती गृहस्थांना ठाऊक नाही. मशीन आणि सामान हळूहळू हलवायचं. पण इथला वापर थांबला की त्यांना त्याच दिवशी कळणार, आणि ते मला शोधायला निघणार. मी आता दिवा लावताना विचार करते, मालवताना विचार करते. लाल दिवा लुकलुकला की हातातलं काम तसंच राहतं. मी गेले तरी माझी रेघ इथेच राहिली पाहिजे. असं काही शोध, वाळवे. एवढी पुस्तकं खाल्लीस ती कशासाठी?

तुझी मावशी

---

१८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू आणि आई त्या खोलीत सुखरूप आहात, मशीन बसली आणि पहिला ब्लाउज शिवून झाला, हा निरोप कंपाउंडरकाकांनी आणला. तेव्हा मला हे तीन दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटले. मी इथे येऊन तुझी रेघ ओढावी हे आईला मान्य नव्हते. मला घरात बसून राहण्याची सवय आहे, दुसरे कुणी इतके बसू शकणार नाही, असे मी म्हटले. खरे तर आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती मला वाटत होती.

तुझ्या सांगण्याप्रमाणे उजाडण्याआधी स्वयंपाकघरातला दिवा, मग पंखा, मग इस्त्री. मशीन नेल्यामुळे तिच्या जागी मिक्सर थोडा थोडा फिरवला. कंपाउंडरकाकू स्टुलावर बसून म्हणाल्या, मुली, रिकामा मिक्सर फिरवणारी तू जगातली पहिलीच. माझे हसू ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. चादरी संपल्या, तेव्हा मी त्याच चादरी पुन्हा पुन्हा इस्त्री केल्या. तुझ्या घरातल्या चादरी इतक्या कडक कधीच झाल्या नसतील.

आज मात्र माझ्या हातून चूक झाली, आणि ती माझ्याखेरीज कुणाच्या हातून होणे शक्य नव्हते. दुपारी इस्त्री लावायची होती. तोवर दोन पाने वाचावीत म्हणून पुस्तक उघडले आणि मी त्यात बुडाले. पंखादेखील लावला नव्हता. घर पूर्ण निपचित झाले.

तुझा फोन तू ठरल्याप्रमाणे टेबलावर ठेवून गेली आहेस. तो वाजला. पडद्यावर तूच घातलेले नाव होते, गृहस्थ.

तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. काकूंनी माझा हात घट्ट धरला. माझी नजर इस्त्रीवर गेली आणि मला कळले की घर गप्प झाले म्हणून ते विचारत आहेत. मी पिन हातात घेतली. ती छिद्रात जाईना, शेवटी काकूंनी लावली. फोन आणखी दोनदा वाजला. आलेखाचा आकडा अर्ध्या तासाने पुढे सरकतो, तेवढा वेळ आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो, इस्त्री टेबलावर उभी आणि तिच्याखाली काहीच नाही. मग फोन गप्प झाला. तो परत वाजला नाही.

इस्त्री गरम असणे हा पुरावा होत नाही. पण कोर्टाने फोन करण्यास मनाई केली असता आलेले हे कॉल फोनमध्ये तसेच आहेत, आणि घर निपचित पडताच ते आले, याला काकू साक्षीदार आहेत. जाता जाता फोन वकीलबाईंच्या हाती देणार आहे. इतके दिवस मीटर त्यांना तुझी बातमी देत होता; आज त्याने त्यांची बातमी आपल्याला दिली.

नव्या खोलीत स्मार्ट मीटर घ्यावा का, असे तू आईकरवी विचारले आहेस. विचारण्यात तुझी थट्टा आहे हे मला कळते, तरी उत्तर देते. अवश्य घे. बिल अचूक येते आणि गीझरची खोडही सापडते. फक्त अर्जावर जिथे ग्राहक असे लिहिलेले असेल, तिथे तुझे नाव तुझ्याच हाताने घाल, आणि ते मोठ्या अक्षरात घाल.

उद्या बुधवार. त्यांचा यायचा दिवस. तोवर आम्ही कुणीच इथे नसू. काकू मला गाडीपर्यंत सोडायला येत आहेत. मी आता मेन स्विच बंद करते. लाल दिवा मालवेल आणि त्यांच्या आलेखावरची रेघ खाली येऊन सपाट होईल. त्या रेघेवर त्यांना जी वेळ दिसेल, तीच या पत्राखाली लिहिते, कारण टपालपेटी फाटकाशीच आहे. तुला पत्र मिळेल तेव्हा मी तुझ्यासमोर बसलेली असेन आणि नेहमीप्रमाणे काही बोलत नसेन. लोभ धर, आणि दार आतून लाव.

तुझी,
वाळवी

पेटीत टाकले : मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी साडेचार वाजता.