पडली नाही, टेकली

कर्जत,
शनिवार

चि. हर्षद यास साईनाथमामाचे आशीर्वाद. (एरवी अनेक असतात; या खेपेस मोजकेच आहेत.) तुझी तब्येत उत्तमच असणार, दुसऱ्याच्या गाडीवर दोन पानं टीका लिहायला माणूस धडधाकट लागतो. ताईच्या गुडघ्याला उतार पडला का? तिला म्हणावं, पुण्याच्या थंडीत सकाळी फरशीवर अनवाणी फिरू नकोस. आम्ही इकडे ठीक. माझं डावं ढोपर थोडं खरचटलं आहे, पण त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. (आहे, पण तो ओघाने येईल.)

पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशा आमच्या मोटारसायकलवर तू तुझ्या त्या वाहनांच्या वेबसाइटवर जे परीक्षण लिहिलंस, ते आम्ही वाचलं. आम्ही म्हणजे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतले तिचे समस्त मालक: मोहोपाड्याचे हार्डवेअरवाले कान्हाशेठ, खालापूरला सरकारी कचेऱ्यांसमोर लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या संजनाताई आणि मी. विक्रेत्याने एकूण तीनच गाड्या मागवल्या होत्या आणि तिन्ही आमच्याच गळ्यात मारल्या; उरलेल्या जगाने त्याला दाद दिली नाही. गाडी म्हशीसारखी जड आहे, गर्दीत अवघडते, मागची सीट पाटासारखी आहे, जेलची उशी घेतल्याशिवाय त्यावर कुणाला बसवू नका, हे सगळं तू लिहिलंस आणि आम्ही ते पोटात घातलं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘तीन चाकं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, पुढची चाकं वळणावर कलतात, थांबताना त्यांना सरळ धरणारं लॉक लावायला विसरलात तर ही गाडीही पडते.’ हर्षद, हे वाक्य तू लिहायला नको होतंस. निदान तुझ्या छायामामीच्या फोनवर दिसेल अशा ठिकाणी तरी नको होतंस.

का ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी कडावजवळ रस्त्यावर सांडलेल्या पेंढ्यावरून माझी जुनी मोटारसायकल घसरली आणि छायाचं मनगट मोडलं, एवढं तुला माहीत आहे. त्यापुढचं आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी उठलो, पेट्रोल सांडतंय असं दिसलं आणि आधी गाडी उचलली. स्टँडवर लावली. टाकीला चिकटलेला पेंढा झटकला. मग मागे वळून म्हणालो, ‘लागलं का गं?’ त्या दिवसापासून छाया माझ्यामागे बसलेली नाही. भांडली नाही, रडली नाही, फक्त एसटीने जाऊ लागली. ती एसटीत आणि मी एसटीच्या मागे, अशी आम्ही तीन वर्षं लग्नं-बारशी केली. (एकदा कंडक्टरने खाली उतरून मला विचारलं, तुमचं काही सामान आहे का आमच्या गाडीत? मी हो म्हणालो.) मला या वरातीची लाज वाटते, आणि त्या झटकलेल्या पेंढ्याची त्याहून जास्त वाटते. म्हणून तर ही गाडी घेतली. हिला तीन चाकं आहेत, ही पडूच शकत नाही, असं मी छायाला महिनाभर ऐकवत होतो. ती सीट हाताने दाबून बघण्यापर्यंत आलीही होती. तेवढ्यात तुझं परीक्षण आलं. तिने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं, फोन पालथा ठेवला आणि विचारलं, ‘कशेळ्याची एसटी कितीला आहे?’

निषेधाची बैठक खालापूरला संजनाताईंच्या टेबलाशी भरली. तुझं म्हणणं जागच्या जागी खोडून काढावं म्हणून कान्हाशेठ लॉक न लावताच गाडीवरून उतरले. (चहावाल्याचं बाकडं दुरुस्तीला गेलं आहे.) संजनाताईंनी निषेधाचा अर्ज टाइप केला, पण सवयीने त्याची सुरुवात ‘मी खाली सही करणार गरीब अर्जदार’ अशी झाली, तेव्हा तो बाद केला. मग कान्हाशेठ गरजले, ‘अर्ज कशाला? आपन त्याला अंगठा दाखवू!’ परीक्षणाच्या खाली अंगठा तयारच होता. आम्ही तिघांनी तो त्वेषाने दाबला. घरच्यांच्या फोनवरून दाबला, दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून दाबून घेतला, अर्ज टाइप करायला आलेल्यांकडूनही दाबून घेतला. आपल्याकडे अंगठा दाखवला म्हणजे साफ झिडकारलं. कुटुंबाच्या ग्रुपवर मी तुझ्या प्रत्येक फोटोला अंगठा पाठवतो तोही ‘पुरे आता’ याच अर्थाने. रविवारी तुझा फोन आला, ‘मामा, तुमच्याकडच्या एकसष्ट लोकांना लेख आवडलाय, तो सगळ्यात वर गेलाय!’ तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हणूनच हे पत्र पेनाने लिहितो आहे. अंगठ्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

सोमवारी कशेळ्याला समिधाच्या (म्हणजे छायाच्या भाचीच्या) साखरपुड्याचं सामान पोचवून परत निघालो, तर नाक्यावर एका म्हातारीने हात केला. तीन चाकांचं जे काही असेल ते हात केला की थांबतं, अशी आपल्याकडची रीत, आणि मीही थांबलो. ती वरच्या वाडीतली ठमी होती, आमच्या आळीत वालाच्या शेंगा विकायला येते ती. मागे बसून पाटी मांडीवर घेत म्हणाली, ‘चल रं दादा, का अजून शीट भरायची हाय?’ मी रिक्षावाला नाही हे तिला पटवण्यापेक्षा कर्जतला नेणं सोपं होतं. आमच्या दारात उतरून तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, ‘रिक्षा बरी हाय. छप्पर कदी बसवनार?’ छाया ओट्यावर उभी होती. आता ती हसेल म्हणून मी मान खाली घातली. पण तिने ठमीला विचारलं, ‘भीती नाही वाटली गं?’ ठमी म्हणाली, ‘भ्या कसलं? हळू हाकतो. दोनदा मागं वळून इचारलान, बसलीस ना नीट.’ छायाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा घ्यायला बसली.

गुरुवारी साखरपुडा होता. एसटीची वेळ टळली तरी छाया घरातच. मग साडी सावरत बाहेर आली आणि मागे बसली. मी पंचविसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला आणि थांबून ‘काका, बिघाड आहे का?’ म्हणून चौकशी करून गेला. कडावला तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. (तोच हात.) मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचेना, आणि तशाच अवस्थेत, मांडवाच्या दारात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमक्ष थांबताना मी लॉक विसरलो. गाडी टेकली. नीट वाच, पडली नाही, टेकली. म्हैस खाली बसली तर म्हैस पडली असं आपण म्हणतो का? पुढे विशेष काही नाही. जिलबी चांगली होती, मुलाकडची माणसं समजूतदार वाटली.

तेव्हा तुझ्या परीक्षणातला ‘पडते’ हा शब्द काढून तिथे ‘क्वचित टेकते’ असं घालावंस, ही तिन्ही मालकांच्या वतीने मागणी. ताईला नमस्कार.

तुझा,
साईनाथमामा

ता. क. डाव्या बाजूचा आरसा, इंडिकेटर, क्लचची दांडी आणि पाय ठेवायचा दांडा पुण्यात कुठे मिळेल ते ताबडतोब कळव. टेकताना गेले.

ता. क. हर्षद, हे पत्र यांनी टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गाडी पडली. चांगली आडवी पडली. तुझ्या लेखातलं अक्षरही बदलू नकोस. पेट्रोल सांडत होतं, नवऱ्या मुलाचे वडील ‘अहो, गाडी! गाडी!’ म्हणून ओरडत होते, आणि हे माझं मनगट धरून मातीत बसले होते. सोडेचनात. शेवटी मीच म्हटलं, मला काही झालेलं नाही, आता गाडी उचला. येताना एसटी समोर उभी होती, पण मी गाडीवरूनच आले. सीट मात्र खरंच पाटासारखी आहे. तू लिहिलेली ती उशी पाठव, आणि लवकर पाठव. पुढच्या रविवारी आम्हाला मोहोपाड्याला बारशाला जायचं आहे. — छायामामी