आज वारा बरोबर नव्हता

शनिवार, १ फेब्रुवारी
सत्यवतीवहिनी, म्हणजे गंगारामची बायको, येऊन गेल्या. गंगारामचं ग्लायडर, लटकून उडायचा तो कापडी पंख, त्यांच्या आंबे ठेवायच्या मांगरात आढ्याला टांगलेलं आहे, वर्ष होत आलं. आता आंबा उतरणार, मांगर रिकामा हवा. ग्लायडर पुण्याकडच्या एका क्लबला जाणार, मुलांना शिकायला. त्याआधी एकदा उडताना बघायचंय म्हणाल्या. नेहमीसारख्या त्या खाली कुणकेश्वरच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, चहाचा थर्मास घेऊन बसणार, भावजींनी तेवढा वरसून घेवन येवचा.
म्हटलं, त्यात काय! ९ मार्च, रविवार. गंगाराम जाऊन वर्ष होतं तो आठवडा.
संकल्प: तोवर दर रविवारी सराव. वजन चार किलो कमी. यशोदेशी वाद नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
सड्यावर, म्हणजे समुद्राकडेच्या कातळपठारावर, गेलो. सिद्धेश आणि अक्षया आधीच हजर. सिद्धेशचं होमस्टे, अक्षया गुरांची डॉक्टर. दोघांनाही उडायला आम्हीच शिकवलं. म्हणजे गंगारामने शिकवलं, मी सूचना केल्या. दोघांनी मजेत फेऱ्या मारल्या, मग माडाच्या सावलीत बसून घावणे खाल्ले. घावणे मीही खाल्ले.
उडलो नाही. वारा बरोबर नव्हता. अक्षया म्हणाली, सर, आम्ही दोघं उडलो ना. तिला सांगितलं की तुम्ही उडलात त्या वाऱ्याला दर्जा नव्हता. भूगोल शिकवतोय सव्वीस वर्षं. खारे वारे, मतलई वारे मला विचारा.
वजन: अर्धा किलो वाढ. काटा जुना आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी
वारा बरोबर नव्हता.
यशोदा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिथून ओरडली की पवनचक्क्या गरागरा फिरतहत. शास्त्रीय उत्तर दिलं: पवनचक्कीचा वारा वेगळा, ग्लायडरचा वेगळा. ती म्हणाली, व्हय, तुमचो वारो वरीसभर रजेर आसा.
संकल्प क्रमांक तीन मोडला. सुरुवात तिने केली.

रविवार, २३ फेब्रुवारी
सड्यावर तात्त्विक मतभेद.
उडण्याआधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचा, हूक ग्लायडरला अडकवायचा, मग खात्रीसाठी पंखाखाली पालथं लटकून बघायचं. दुसऱ्याने ग्लायडरच्या नाकाकडची तार धरायची, नाहीतर वाऱ्यात ते उलटू शकतं. आमच्यात तार गंगाराम धरायचा. आणि आपण वटवाघळासारखे लोंबत असताना गाऱ्हाणं घालायचा: बा देवा म्हाराजा, ह्यो बाबली मास्तर पंख लावन तुझ्या दारात येताहा, तेचो हूक घट ठेव, आणि गेल्या टायमासारखो तेका माडार बसवू नको रे म्हाराजा! बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. त्याशिवाय कोणाचेही पाय सुटायचे नाहीत.
सिद्धेश म्हणाला, सर, गाऱ्हाणं आता तुमी घाला. वर्षभर ते दोघं नुसतेच लटकतात आणि जातात, बरं वाटत नाही.
मी म्हटलं, असली अंधश्रद्धा विज्ञानाच्या माणसाला शोभत नाही. आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. सड्यावर धूळ फार.
(भूगोल विज्ञानात येतो की नाही, हा अक्षयाने काढलेला मुद्दा गैरलागू होता.)

बुधवार, ५ मार्च
एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
गेल्या वर्षी पुळणीवर उतरताना मी कोणीतरी वाळत घातलेल्या सुंगटांत, म्हणजे कोलंबीत, गेलो. तोंडावर. गंगारामने ते जामसंड्याच्या बाजारात दोन्ही हात पसरून करून दाखवलं. एकदा नाही, तीन दुकानांसमोर. मी आठ दिवस बोललो नाही. माणसाला स्वाभिमान असतो.
मग रविवारी त्याचा फोन. सिद्धेश-अक्षया एका लग्नाला गेलेली, आपण दोघंच जाऊया, येतंस मा रे? मी म्हटलं, आज वारा बरोबर नाही. त्याच्या बाजूने नुसती घरघर येत होती. पंखा चालू असावा. तो म्हणाला, बरा तर, फुडच्या रविवारी.
मंगळवारी तो बागेत कलमाखाली टेकला, तो उठलाच नाही.
मुद्दा एवढाच, की त्या रविवारी वारा खरोखरच बरोबर नव्हता. मी गच्चीवर जाऊन पाहिलं होतं.
बहुतेक पाहिलं होतं.

रविवार, ९ मार्च, सकाळी ८
एकूण वजन: सव्वा किलो जास्त. हार्नेस आवळतो; कापड आटलं असणार. सराव: मानसिक. बाकी तयारी पूर्ण. तीन वाजता उड्डाण, सव्वातीनला वहिनींच्या हातचा चहा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
तांत्रिक कारणामुळे उड्डाण झालं नाही.
कारण लिहून ठेवतो. वहिनी खाली ठिपक्याएवढ्या दिसत होत्या. वारा पश्चिमेचा, सरळ तोंडावर, उडायला हवा तसा. गंगारामचं ग्लायडर खांद्यावर घेतलं, कापडाला मांगरातल्या गवताचा वास. सिद्धेश पुढे येऊन म्हणाला, लटकून बघा, तार मी धरतंय. मी म्हटलं, तू बाजूला हो. अनुभवी माणसाला त्याची गरज नसते. आणि धावलो.
अक्षया किंचाळली, सर, हूक! सिद्धेशने मागून पट्टा धरला आणि मला कातळावर आपटलं. हूक माझ्या कमरेला मोकळाच लोंबत होता. कडा आठ पावलांवर. मी मोजली नाहीत. अक्षयाने मोजली, मोठ्याने, शिव्यांसकट. मग गुरांच्या पट्टीने माझा गुडघा बांधला. म्हणाली, यापेक्षा बैल ऐकतात.
ग्लायडर तिने घेतलं. हूक लावून पालथी लटकली. तार मी धरली. ती खालूनच म्हणाली, सर, तुम्ही बोलेपर्यंत मी अशीच लटकून राहणार.
बा देवा म्हाराजा, इथपर्यंत आलं. सिद्धेशने तेवढ्यावरच व्हय म्हाराजा म्हटलं. ती गेली. छान गेली.
आम्ही स्कूटरने खाली पोचलो तेव्हा वहिनी ग्लायडरच्या पंखाखाली सावलीत बसल्या होत्या. कापडावरून हात फिरवत होत्या. मी माझा गुडघा पुढे करून सुरुवात केली, की आयत्या वेळी वाऱ्याने दिशा बदलली. त्यांनी चहा ओतला. म्हणाल्या, भावजी, वर्षभर सांगूचा नाय म्हणान गप रवलंय. त्या रविवारी ते सड्यारच होते. ग्लायडर उभा केल्यानी, मगे तुमका फोन केल्यानी. तार धरूक कोण नाय, म्हणान परत घडी करून घराक इले. माका म्हणाले, बाबलीक सांगा नको हां, तेका वायट वाटात.
चहात साखर जास्त होती. गंगारामला लागायची तेवढी.

सोमवार, १० मार्च
फोनमध्ये घरघर होती तो पंखा नव्हता.
वारा होता.